बाहुली कुणाच्या मांडीवर?

मुलांच्या खेळण्यांविषयी कुणी गांभीर्याने लिहू लागले की जाणती माणसे गालातल्या गालात हसतात. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात बाहुलीची चर्चा कशाला, हा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात आताच उमटला असेल. त्यांना आमचे उत्तर असे, की बाहुली हे मुलीच्या हाती पडणारे पहिले कथानक असते. अक्षरओळख होण्यापूर्वीच ती या कथानकाची लेखिका, निवेदक आणि नायिका अशा तिन्ही भूमिका एकटीने पार पाडीत असते. तिच्या हातातून ते कथानक काढून घेऊन दुसराच कुणी ते आधी लिहून, छापून, खोक्यात बंद करून विकत असेल, तर लेखन-वाचनाशी नाते सांगणाऱ्या मंडळींनी त्याची दखल घ्यायची नाही, तर कुणी घ्यायची?

शिवाय जाणती माणसे हसत असली तरी खेळणी विकणारी माणसे हसत नाहीत. बाहुली हा विषय त्यांनी फार पूर्वीच गांभीर्याने घेतला आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा बार्बीच्या जन्मकथेतच सापडतो. पश्चिम जर्मनीतील 'बिल्ड' या वृत्तपत्रात १९५२ पासून लिली नावाच्या एका चतुर, पैसेवाल्या पुरुषांच्या मागे असणाऱ्या तरुणीची व्यंगचित्रे येत. १९५५ साली तिची बाहुली निघाली. ही बाहुली प्रौढ पुरुषांसाठी होती. तंबाखूच्या दुकानांत, मद्यालयांत ती मिळे आणि थट्टेची भेट म्हणून दिली जाई. अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी १९५६ साली युरोपच्या प्रवासात ती पाहिली, बरोबर नेली आणि तिच्याच बांध्यावरून ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी उभी केली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा वेश, उंच टाचा, रंगवलेले ओठ आणि तिरका कटाक्ष. तो कटाक्ष सरळ समोर पाहू लागण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले.

परंतु आम्हांला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. बाहुली बाजारात उतरवण्याच्या सुमारास कंपनीने अर्न्स्ट डिश्टर या मूळच्या व्हिएन्नाच्या मानसशास्त्रज्ञाकरवी मुलींच्या आणि मातांच्या मुलाखती घेवविल्या. मुलींना बाहुली आवडली. मातांना ती आवडली नाही. ती फार प्रौढ, फार भडक आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. आता एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल, की हे कळल्यावर बाहुली बदलली असेल. तसे झाले नाही. बदलायचे ते मातांचे मन, असे ठरले. ही बाहुली तुमच्या मुलीला नीटनेटके राहायला शिकवील, असे आईला सांगावे. तेवढ्याने तिचा विरोध मावळतो, असा डिश्टर यांचा निष्कर्ष होता. आणि तो अचूक ठरला.

आज आम्ही पालक म्हणून जी अस्वस्थता बोलून दाखवतो, तिच्यावर 'जुनाट', 'संकुचित', 'काळाबरोबर न चालणारी' असे शिक्के मारले जातात. ती अस्वस्थता पहिली बाहुली विकली जाण्याआधीच मोजली गेली होती, तिची नोंद झाली होती आणि तिच्यावर उताराही शोधून ठेवला होता. आईला खटकते, हे विक्रेत्याला ठाऊक होते. आईला वळसा कसा घालायचा, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता. त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच कंपनीला १९५५ साली सापडले होते. त्या वर्षी तिने 'मिकी माऊस क्लब' या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमाचे वर्षभराचे प्रायोजकत्व पाच लाख डॉलर मोजून घेतले. तोवर खेळण्यांची जाहिरात नाताळाच्या आसपास आणि वडीलधाऱ्यांना उद्देशून होत असे. आता विक्रेता रोज, थेट मुलाशी बोलू लागला. त्या दिवसापासून आई ही गिऱ्हाईक राहिली नाही. ती गिऱ्हाइकाच्या वाटेतला अडथळा झाली.

आमच्या पिढीतील वाचकांना ठकी आठवत असेल. लाकडाचा एक ठोकळा, त्यावर ठसठशीत डोळे, कुंकू आणि रंगाने काढलेले लुगडे. सावंतवाडीची पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी, बेळगाव जिल्ह्यातील गोकाकची, आमच्या हैदराबादकडच्या वाचकांना परिचित असलेली निर्मळची, इंदूरची चामड्याची, या साऱ्या कारागिरीत बाहुली ही आकाराने नि अर्थाने लहान वस्तू असे. ती लहान होती म्हणूनच मुलगी मोठी होत असे. मुलगी आई, बाहुली बाळ. मुलगी मास्तरीण, बाहुली विद्यार्थिनी. मुलगी वैद्य, बाहुली तापाने फणफणलेली. चेहरा जवळजवळ कोरा असल्याने तो रडवेला की हसरा, हे मुलगीच ठरवी. ठकीला स्वतःचे मत नव्हते. हे तिचे सर्वांत मोठे भूषण होते.

फॅशनची बाहुली हे नाते उलटे करते. ती वयाने मुलीपेक्षा मोठी, तिच्याजवळ मुलीजवळ नसलेले सर्व काही आहे आणि तिचा चेहरा कायमचा ठरून गेलेला आहे. मुलीने तिला सांभाळायचे नाही, तिच्यासारखे व्हायचे. आमच्या घरी मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला तिच्या मावशीकडून अशीच एक बाहुली आली. मुलीने रीतसर तिचे बारसे करायला घेतले. दुपट्यात गुंडाळले, उशीच्या पाळण्यात निजवले, बराच वेळ थोपटले. मग आमच्याकडे येऊन म्हणाली, "आई, ही झोपतच नाही. हिचे डोळे मिटतच नाहीत." ते डोळे पापण्यांवर निळा-जांभळा रंग चढवून कायमचे अर्धोन्मीलित करून ठेवलेले होते. चार दिवसांनी बाहुली फळीवर उभी होती आणि कन्यका आरशासमोर ओठ पुढे काढून तिच्यासारखे पाहण्याचा सराव करीत होती. मावशीचा हेतू प्रेमाचाच होता. आम्ही बाहुलीकडे पाहत राहिलो आणि तिच्या कारखान्यात हा चेहरा कुणासाठी रंगवला असेल, याचा विचार करू लागलो.

हा चेहरा २००१ पासूनचा आहे. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील एमजीए या कंपनीने 'ब्रॅट्झ' नावाच्या चार बाहुल्या बाजारात आणल्या. धडापेक्षा मोठे डोके, चेहऱ्याचा अर्धा भाग व्यापणारे रंगवलेले डोळे, सुजल्यासारखे चकचकीत ओठ, तोकडे कपडे. पावले तर वेगळी नाहीतच; बूट काढला की घोट्यापाशी पाय संपतो, कारण पाऊल हा बुटाचाच भाग आहे! अनवाणी चालणे या बाहुलीच्या कल्पनेतच बसत नाही. पुढे त्याच घराण्यातील तान्ही बाळेही आली, आणि तीही रंगवलेल्या पापण्यांची आणि चकाकत्या ओठांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मुलींच्या लैंगिकीकरणावर नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात या बाहुल्यांचा, त्यांच्या आखूड झग्यांचा, जाळीदार मोज्यांचा आणि पिसांच्या गळपट्ट्यांचा स्पष्ट उल्लेख होता. त्या अहवालाने केलेली व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्यक्तीचे मोल केवळ तिच्या लैंगिक आकर्षकतेवर ठरवणे, तिला दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू मानणे, किंवा जिला त्याची समजही नाही तिच्यावर लैंगिकता बाहेरून लादणे, यांपैकी काहीही घडले तरी ते लैंगिकीकरण होय. यातला शेवटचा मुद्दा आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

या बाहुल्यांवरून दोन कंपन्यांत २००४ पासून खटला चालला. ब्रॅट्झची कल्पना मॅटेलच्या नोकरीत असलेल्या आरेखकाची, म्हणून ती आमची, असे मॅटेलचे म्हणणे. २००८ साली पंचांनी मॅटेलला दहा कोटी डॉलर देवविले. २०१० साली अपिलात तो निकाल फिरला. २०११ साली पंचांनी एमजीएच्या बाजूने कौल दिला. त्या सुजलेल्या ओठांवर मालकी कुणाची, यावर इतकी वर्षे विद्वान वकिलांनी आपली बुद्धी खर्ची घातली. ते ओठ सहा वर्षांच्या मुलीपुढे कशाला ठेवायचे, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता. असो.

या स्पर्धेचा खरा परिणाम न्यायालयाबाहेर झाला. आठ-दहा वर्षांच्या मुली ब्रॅट्झकडे वळल्या, आणि बार्बी खाली, तीन ते पाच वर्षांच्या मुलींकडे सरकली. जे दहाव्या वर्षी विकले जाई ते सहाव्या वर्षी विकले जाऊ लागले. जे सहाव्या वर्षी, ते तिसऱ्या वर्षी. मुले लवकर मोठी होत आहेत, असे व्यापारी मंडळी हात वर करून सांगतात, जणू ऋतुमान बदलले आहे! मुले आपोआप मोठी होत नाहीत. बालपणाचा वरचा काठ कुणीतरी रोज थोडाथोडा कुरतडतो आहे.

आणि इथे आम्हांला, बडोद्याच्या रहिवाशांना, आपला स्वतःचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. मुलगी किती वर्षांपर्यंत मूल असते, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नावर आपला समाज दुभंगला होता. रखमाबाईंचा लग्नाचा खटला १८८४ ते १८८८ चालला. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संबंधाने मरण पावली आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली. मलबारी आणि आगरकर एका बाजूला, सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणारे टिळक दुसऱ्या बाजूला, ही हकीकत शाळकरी मुलांनाही पाठ असते. सयाजीरावांनी बडोदे संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९०४ साली केला. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा यायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू झाले आणि ते मुलींनाही होते.

या साऱ्या खटाटोपातून मुलीच्या पदरात काय पडले? काही वर्षे. पाळणा आणि बोहले यांच्यामधली, पूर्वी अस्तित्वातच नसलेली काही वर्षे. त्या वर्षांत तिच्याकडे 'स्त्री' म्हणून कुणी पाहायचे नाही, तिने पाटी घेऊन शाळेत जायचे, झाडावर चढायचे, गुडघे फोडून घ्यायचे, एवढाच त्या सुधारणेचा अर्थ होता. लोकांनी शिव्या खाल्ल्या, बहिष्कार सोसले, आणि ही वर्षे मिळवली. तीच वर्षे आता गुलाबी खोक्यातून परत मागितली जात आहेत. पूर्वी मागणारा धर्मशास्त्राचा आधार घेई, आता मागणारा मुलीच्या 'आवडीचा' आधार घेतो. शास्त्राशी वाद तरी घालता येत असे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. भातुकलीचे काय? बाहुला-बाहुलीच्या लग्नाचे काय? तोही मुलींना चुलीशी आणि संसाराशी बांधून ठेवणारा खेळच नव्हता काय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. भातुकलीने मुलींना रांधा-वाढा-उष्टी काढा हेच शिकवले, आणि आठव्या वर्षी बाहुलीचे लग्न लावणारी मुलगी नवव्या वर्षी स्वतः बोहल्यावर उभी राही, हे खरेच आहे. त्या काळचे गोडवे आम्हांला गायचे नाहीत. पण एक फरक नजरेआड करता येत नाही. भातुकलीत मुलगी काहीतरी करीत असते. मातीची खीर करते, रुसलेल्या व्याह्याची समजूत घालते, पंगत बसवते, भांडते, पुन्हा मांडते. फॅशनच्या बाहुलीच्या खेळात करण्याजोगे एकच काम उरते, ते म्हणजे दिसणे. कपडे बदला आणि पुन्हा दिसा. भातुकलीने मुलीला आयुष्याचे एक अपुरे चित्र दिले. या खेळाने तिला चित्रच करून टाकले.

दुसरा आक्षेप: हे नुसते खेळणे आहे, मुलीला त्यातले काही कळत नाही. कळत नाही म्हणूनच भीती आहे. २००६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रे दाखवली. काहींना बार्बीची, काहींना भरल्या अंगाच्या एका बाहुलीची, काहींना बाहुलीविरहित. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींना आपले शरीर कमी आवडू लागले आणि बारीक असण्याची इच्छा वाढलेली दिसली. सर्वांत मोठ्या मुलींत हा तात्कालिक परिणाम आढळला नाही. एव्हाना तो आदर्श त्यांच्या आत मुरलेला असावा, असा संशोधकांचा तर्क होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या साठ मुलींपुढे दोन कागदी बाहुल्या ठेवल्या. एक तंग, उघड्या कपड्यांतली, दुसरी साध्या, नीटस कपड्यांतली. तुला कुणासारखे दिसावेसे वाटते, आणि वर्गात कोण लोकप्रिय असेल, या दोन्ही प्रश्नांना बहुसंख्य मुलींनी पहिलीकडे बोट दाखवले. त्याच अभ्यासात हेही दिसले, की ज्या माता दूरदर्शनवर दिसणाऱ्या गोष्टींविषयी मुलींशी बोलत, त्यांच्या मुली अशा निवडीपासून काहीशा दूर राहत. आईचे बोलणे वाया जात नाही, हे विक्रेत्याला ठाऊक होतेच. आता आईलाही ठाऊक असलेले बरे.

आणि त्या आदर्शाचा सांगाडा तरी कसा? बार्बीची मापे मोठ्या माणसाच्या उंचीला लावून १९९६ साली काही संशोधकांनी गणित केले, तेव्हा तशी शरीरयष्टी स्त्रियांमध्ये लाखात एकीलाही लाभण्याचा संभव नाही, असे उत्तर आले. तिच्या मित्राची, केनची, यष्टी पन्नास पुरुषांत एकाला लाभू शकते! १९६५ साली निघालेल्या एका बार्बीबरोबर खेळातला वजनकाटा आला होता. त्यावर ११० पौंड हा आकडा कायमचा रंगवलेला होता. सोबत वजन उतरवण्याची एक चिमुकली पुस्तिका होती, आणि तिच्यातला उपदेश एवढाच, की खाऊ नका. १९७५ साली बार्बीच्या धाकट्या बहिणीची अशी बाहुली निघाली, की हात फिरवला की तिची छाती वाढे. सुज्ञ वाचकांना हे आम्ही रचून सांगत आहोत असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून साले मुद्दाम दिली आहेत.

न्यायाने वागायचे तर हेही सांगितले पाहिजे, की २०१६ साली मॅटेलने बार्बीला उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची असे तीन नवे बांधे दिले. अनेक वर्णांच्या, चाकांच्या खुर्चीवरच्या बाहुल्याही आल्या. २०२३ च्या चित्रपटाने तर या साऱ्या टीकेचीच गोष्ट केली आणि ती टीका तिकीट लावून विकली. चांगले झाले ते चांगले म्हणावे. परंतु हे बदल कुणा कंपनीला पहाटे साक्षात्कार होऊन झाले नाहीत. खप घसरला आणि आया बोलल्या, तेव्हा झाले.

तिसरा आक्षेप सभ्य मंडळींचा. ते म्हणतात, अहो, अजिंठा-खजुराहोच्या देशात शरीराचा एवढा संकोच? आमचा शरीराशी तंटा नाही. शिल्पातली ती स्त्री प्रौढ आहे, प्रौढांच्या नजरेसाठी घडवलेली आहे आणि कोणताही स्थपती तिची प्रतिकृती प्लास्टिकच्या पेटीत घालून पहिलीच्या वर्गाबाहेर विकायला उभा राहिला नव्हता. मुलीला शरीराचे ज्ञान द्यावे, योग्य वयात, योग्य शब्दांत, न लाजता द्यावे, या मताचे आम्ही आहोत. ज्ञान देणे आणि सोंग देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या उलट टोकाचे मित्रही आम्हांला भेटतात, आणि त्यांच्यापासून आम्ही अधिक जपून असतो. हे सारे पाश्चात्त्य संस्कृतीचे आक्रमण, आपल्या थोर परंपरेत असे काही नव्हते, असे म्हणून ते आमच्या खांद्यावर हात ठेवतात. तो हात आम्ही नम्रपणे बाजूला करतो. या बाहुल्यांविरुद्ध पहिली ओरड अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या आईबापांनीच केली. २००६ साली हॅस्ब्रो कंपनी मादक नृत्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका गायिका-मंडळाच्या बाहुल्या लहान मुलींसाठी काढणार होती. पालकांनी गदारोळ केला आणि बेत रद्द झाला. २००८ साली शाळांतून पुस्तके विकणाऱ्या स्कोलास्टिकने पालकांच्या तक्रारींनंतर ब्रॅट्झची पुस्तके आपल्या यादीतून काढली. २०२० साली त्याच हॅस्ब्रोने एका बाहुलीच्या बैठकीखाली असे बटण बसवले, की तिथे दाबले की ती खिदळे. पालकांच्या तक्रारींनंतर ती परत घ्यावी लागली.

आणि आपल्या परंपरेचे म्हणाल, तर आपल्या स्नेहसंमेलनांकडे एकदा डोळे उघडून पाहावे. पाचवीच्या आतल्या मुली, ओठांना लाली, पोट उघडे, चित्रपटातल्या दारूच्या गुत्त्यावरच्या गाण्याचे हावभाव अक्षरशः तसेच, आणि पहिल्या रांगेत शिट्टी वाजवणारे काका, डोळे पुसणारी आजी, भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण करणारे आपण सारे. गणेशोत्सवाच्या मांडवात हेच, वाहिन्यांवरच्या नृत्यस्पर्धांत हेच. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी समज द्यावी लागली, की लहान मुलांना मोठ्यांच्या शृंगारिक नृत्यांत दाखवणे थांबवा. ती समज मॅटेलला नव्हती, आपल्यालाच होती. एका शाळेत आम्ही गाण्याच्या निवडीविषयी शब्द टाकला, तेव्हा बाईंनी हसून सांगितले, "इतर पालकांना आवडतं हो." इतर पालकांपैकी तिघांना आम्ही विचारले. तिघांनीही इतर पालकांकडेच बोट दाखवले.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत आढ्यतेचा: नको असेल तर घेऊ नका. आम्ही घेत नाहीच. पण खेळणे केवळ विकत घेतल्याने घरात येत नाही. ते वाढदिवसाच्या भेटीतून येते, शेजारच्या दिवाणखान्यातून येते, दप्तराच्या चित्रातून, पाण्याच्या बाटलीवरून, आईच्या हातातल्या पडद्यावर खेळणी उघडून दाखवणाऱ्या अनोळखी पोरीच्या किलबिलाटातून येते. कोट्यवधींचे भांडवल, मानसशास्त्रज्ञांची फौज आणि चोवीस तास बोलणारी जाहिरात एका बाजूला. दिवसभर कचेरी करून संध्याकाळी कुकर लावणारी आई दुसऱ्या बाजूला. आणि हिला सांगायचे, की निवड तुमची!

म्हणून हा विषय घरापुरता ठेवता येत नाही. स्वीडनने बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरदर्शनवर जाहिरात करण्यास मनाई केली आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करता येत नाही. तिथे काही आकाश कोसळले नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक ब्युरोची मुद्रा सक्तीची आहे. खेळण्याची कड बोचते का, रंगात शिसे आहे का, ते पेट घेते का, हे तपासले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ओठाला लावलेल्या रंगात विष नाही याची खात्री झाली की तो रंग सहा वर्षांच्या मुलीला काय सांगतो, हे विचारण्याचे कुणाला कारण उरत नाही.

तरीही एक दार किलकिले आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनभावना निर्माण करू नये, असे कलम आहे. कलम चांगले आहे. कुणी वापरल्यावाचून ते कागदावरच राहील. आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांत वकील आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत, शिक्षिका तर असंख्य आहेत. मराठी शाळा टिकवण्यासाठी आपण निवेदने लिहितो, पाट्यांवरच्या अक्षरांसाठी लिहितो. मुलींच्या वस्तूंच्या जाहिराती महिनाभर नीट पाहून या कलमाखाली एक निवेदन लिहायला काय हरकत आहे? मंडळांच्या आनंदमेळाव्यांत आणि स्नेहसंमेलनांत कोणती गाणी बसवायची, हे ठरवायला तर दिल्लीला लिहिण्याचीही गरज नाही.

जाता जाता एका बाईंविषयी. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात राहणाऱ्या सोनिया सिंग यांची नोकरी गेली आणि त्यांनी जुन्या बाजारातून टाकलेल्या ब्रॅट्झ बाहुल्या आणायला सुरुवात केली. २०१५ च्या प्रारंभी त्यांचे हे काम जगभर पोहोचले. नखांचा रंग काढायचे द्रावण आणि निलगिरीचे तेल घेऊन त्या बाहुलीचे डोळे-ओठ पुसून टाकतात आणि बारीक कुंचल्याने तिथे एका साध्या मुलीचा चेहरा काढतात. पाय घोट्यापाशी संपतात, म्हणून नवी पावले आणि बूट घडवून बसवतात. त्यांच्या आई लोकरीचे कपडे विणतात. आम्ही आमच्या घरच्या बाहुलीवर हा प्रयोग करून पाहिला. निळा रंग निघायला बराच वेळ लागला, ओठांचा लाल तर एका बैठकीत निघालाच नाही. डोळे मुलीने स्वतः काढले. एक दुसऱ्यापेक्षा मोठा झाला आहे, आणि दोन्ही मिटलेले आहेत.